ठिपका पाहावा, मग धरसा धरावा

डोंगर-जंगलातल्या कच्च्या वाटेने दोन-दोन आठवडे सायकल हाणायच्या शर्यतींचा नाद ज्याला लावून घ्यायचा आहे, त्याने आधी नीट बसायला शिकावं. सायकलवर नव्हे, खुर्चीवर. या खेळाचे बहुसंख्य भक्त जन्मभर खुर्चीवरच असतात आणि त्यात कमीपणा काही नाही. भिलाई-3च्या माणसाला तर हे उपजतच जमायला हवं. चरोद्याच्या रेल्वे यार्डात वाघिणी पुढे सरकायची वाट पाहण्यात इथल्या किती जणांच्या नोकऱ्या सरल्या. नकाशावरचा ठिपका सरकायची वाट पाहणं त्याहून अवघड नाही.

ठिपका कसला, ते आधी समजून घ्या. या शर्यतींतली मानाची म्हणजे टूर डिव्हाइड. जूनच्या दुसऱ्या शुक्रवारी कॅनडातल्या बॅन्फहून निघायचं आणि रॉकी पर्वताच्या कण्यावरून खडी, माती, जंगलवाटा तुडवत, अमेरिकेत मेक्सिकोच्या हद्दीला लागून असलेल्या अँटिलोप वेल्सच्या नाक्यावर पोचायचं. सुमारे 4,400 किलोमीटर. प्रवेश फी नाही, बक्षीस नाही. प्रत्येक स्वाराजवळ उपग्रहाशी बोलणारी एक डबी असते. ती दर काही मिनिटांनी त्याचा ठावठिकाणा कळवते आणि नकाशावर त्याच्या नावाचा ठिपका उमटतो. कॅमेरा नाही, समालोचक नाही, ठिपका तेवढा आहे.

बॅन्फची घड्याळं जूनमध्ये आपल्यापेक्षा साडेअकरा तास मागे चालतात. तिथे सकाळचे आठ, तेव्हा इथे संध्याकाळचे साडेसात. म्हणजे स्वारांचा अख्खा दिवस ही तुमची रात्र. घरात पोलाद प्लांटातून निवृत्त झालेले एखादे काका असतील तर त्यांना या कामी धरा. जन्मभर नाइट शिफ्ट केलेल्या माणसाला पहाटे तीनला तशीही झोप येत नाही. ज्यांना सकाळी डबा घेऊन कामावर जायचं आहे त्यांनी किर्गिझस्तानातली सिल्क रोड माउंटन रेस धरावी. ती 2018पासून भरते आणि तिथलं घड्याळ आपल्यापेक्षा फक्त अर्धा तास पुढे. स्वार झोपले की तुम्हीही झोपा. म्हणजे, झोपले तर.

ठिपका थांबला की नवशिक्याच्या पोटात गोळा येतो. आधी थांबला कुठे ते पाहा. न्यू मेक्सिकोत पाय टाउन नावाचं गाव आहे, तिथे थांबला असेल तर तो पाय खातोय. गावाचं नावच त्या पदार्थावरून पडलं आहे. वायोमिंगच्या ग्रेट डिव्हाइड बेसिनमध्ये थांबला असेल तर समोरून वारं आहे, नाहीतर डबीतली बॅटरी संपली. उघड्या माळावर तीन तास थांबला असेल तर झोपला असेल. कोणालाही फोन करू नका. परक्या माणसाचा ठिपका हलेना म्हणून ज्याचा चहा निवला, तो या खेळात पक्का झाला असं समजावं.

पानठेल्यावर बोलायला थोडी माहिती लागते, ती अशी. 1999 मध्ये जॉन स्टॅमस्टॅड टूर डिव्हाइडच्या मार्गाच्या अमेरिकेतल्या भागावरून एकटा निघाला आणि 18 दिवस 5 तासांत पार झाला. याच गृहस्थाने एका 24 तासांच्या शर्यतीत चौघांच्या संघात स्वतःचंच नाव चार तऱ्हांनी लिहून अर्ज भरला होता आणि चौघांच्या वाटची सायकल एकट्याने चालवली. रेशनकार्डावर आपण करतो ते त्याने तिथे केलं, फक्त राबलाही स्वतःच. 2015 मध्ये लेल विलकॉक्स नुसती शर्यतीला हजर व्हायला अलास्काहून बॅन्फपर्यंत सायकलने आली, शर्यतीत छाती भरल्याने दवाखान्यात गेली, तरी बायकांचा विक्रम मोडला. मग मन भरेना म्हणून त्याच उन्हाळ्यात पुन्हा एकटी निघाली आणि तोच विक्रम 15 दिवस 10 तास 59 मिनिटांवर आणला. माइक हॉलने 2016 मध्ये 13 दिवस 22 तास 51 मिनिटं घेतली. म्हणजे रोज भिलाई-3 ते नागपूर, वर आणखी थोडं, आणि तेही डांबर सोडून, डोंगर चढत. 2025 मध्ये रॉबिन गेम्पर्ले या स्विस स्वाराने बारा दिवसांच्या आत मार्ग संपवला. इथे ऐकणाऱ्याने ‘बाप्पा!’ म्हणायला हवं. नाही म्हणाला तर पान बदलून पाहा.

आता घरच्यांचं. मराठी घरात अशा नादाला लगेच दाखले मिळतात: नागपूरचे डॉ. अमित समर्थ, ज्यांनी 2017 मध्ये अमेरिका आडवी ओलांडणारी रॅम शर्यत एकट्याने पुरी केली आणि 2018 मध्ये मॉस्को ते व्लादिवोस्तोक हे 9,000 किलोमीटरच्या वरचं अंतर कापलं, नाशिकचे डॉ. महेंद्र आणि डॉ. हितेंद्र महाजन हे भाऊ, ज्यांनी 2015 मध्ये दोघांच्या संघात रॅम पूर्ण केली. माणसं मोठीच. पण ते सगळं डांबरावर, आणि मागे गाडी, गाडीत पाणी, भात, मसाज, रस्ता सांगणारी माणसं. टूर डिव्हाइडमध्ये याला साफ मनाई. वाटेत जे सगळ्यांना विकत मिळतं तेच घ्यायचं. ओळखीच्या माणसाने वाटेत आणून दिलेलं काही चालत नाही.

या नियमाने आपल्याकडे घरोघरी भांडणं होतील. समजा, तुम्ही सराव म्हणून भिलाई-3हून निघालात आणि कुम्हारीच्या नाक्यावर मावशी डबा घेऊन उभी आहे. डबा घेतला तर बाद. न घेतला तर मावशी. एकच पळवाट आहे: मावशीने तिथे खानावळ टाकावी, पाटी लावावी आणि येणाऱ्या-जाणाऱ्या सगळ्यांना त्याच दराने जेवू घालावं. मग तुम्हीही रांगेत उभं राहून, पैसे मोजून जेवू शकता. मावशी पैसे घेणार नाही, ही अडचण राहतेच. नियम करणाऱ्यांनी मावशीचा विचार केलेला नाही.

बरोबर न्यायला ठेठरी आणि खुर्मी यांना तोड नाही. तीजा-पोळ्याला शेजारच्या छत्तीसगडी घरातून येतात त्याच. एक बेसनाची तिखटमिठाची, दुसरी गूळ-कणकेची. दिवसेंदिवस खराब होत नाहीत, पिशवीत चुरा झाल्या तरी पोटात जातात. बोरे-बासी, म्हणजे पाण्यात भिजवलेला शिळा भात, उन्हाळ्यात अमृत खरं, पण ती सायकलवर न्यायचा प्रयत्न करू नका.

चढाचा प्रश्न मात्र गंभीर आहे. टूर डिव्हाइडच्या मार्गावरची सर्वांत उंच जागा इंडियाना पास, 3,630 मीटर. आपण समुद्रसपाटीपासून 300 मीटरच्या आसपास, आणि चहूकडे भाताचं ताट. भिलाई-3मध्ये चढ म्हणजे उड्डाणपूल. तो तीसदा चढून उतरा. पोलीस विचारील, तेव्हा इंडियाना पासचं नाव सांगू नका. खरे डोंगर हवे असतील तर दक्षिणेला दल्ली-राजहरा आहे. प्लांटाला लोहखनिज पुरवणाऱ्या त्या टेकड्यांतून परत येताना सायकल, मोजे, दात सगळं एका रंगाचं होतं. त्याही खाली कांकेरकडे सरकलात तर अस्वलं आहेत. टूर डिव्हाइडवाले ग्रिझलीसाठी मिरचीचा फवारा बाळगतात. आपण निदान दिवस मावळायच्या आत परत फिरावं.

पण आपल्याकडे खरी श्रीमंती आहे ती धरशाची. धरसा म्हणजे गावातून शेतांकडे जाणारी बैलगाडीची वाट. पाटणच्या बाजूला अशा वाटा लांबवर धावतात. पुढे एखादा एनीकट, म्हणजे छोटा बंधारा, लागतो, तो ओलांडला की दुसऱ्या गावाचा धरसा. भाठा जमिनीवर, म्हणजे लाल मुरमावर, चाक छान पळतं. कन्हार आली की सावध. ही काळी माती कोरडी असताना दगड, आणि एक सर पडली की गोंद. आधी टायरला पातळ थर बसतो. त्यावर पैऱ्याच्या (भाताच्या पेंढ्याच्या) काड्या चिकटतात, काड्यांवर पुन्हा माती. शंभर पावलांत फोर्क आणि टायर यांमधली फट बुजते आणि चाक फिरायचं थांबून नुसतं घसटत येतं. मागे गिअरचा सांगाडा, म्हणजे डिरेलर, मातीत गुरफटतो. इथे इरेला पेटून पेडल दाबाल तर तो ज्याला टांगलेला असतो तो हँगर वाकेल, डिरेलर आऱ्यांत शिरेल, आणि मग खांद्यावर सायकल. दाबू नका. उतरा, मेडेवरच्या (बांधावरच्या) गवतावर या, लाकडाच्या चपट्या काडीने माती खरवडा. वायोमिंग आणि न्यू मेक्सिकोत असाच चिखल आहे, तिथले त्याला पीनट बटर म्हणतात. तिथे जाऊन जे शिकायला लाखो रुपये लागतात, ते पाटणच्या वाटेवर फुकट शिकता येतं. येणारा-जाणारा म्हातारा ‘कहाँ जाथस गा?’ विचारतो आणि उत्तर न ऐकता पुढे जातो, तेही फुकट.

एक गोष्ट मात्र थट्टेत घालवू नका. माइक हॉल 2017 मध्ये ऑस्ट्रेलियात डांबरी रस्त्यावरच्या शर्यतीत, पहाटे मोटारीच्या धडकेने गेला. डिव्हाइडवर अस्वलं, बर्फ, वीज, सगळं सोसलेला माणूस. आपल्या दारावरून जाणाऱ्या राष्ट्रीय महामार्गावर लोखंडाने भरलेले ट्रेलर रात्रंदिवस धावतात. सराव महामार्गावर करू नका, रात्री तर मुळीच नाही.

पहिली फेरी धानकापणीनंतर करा. जूनमध्ये बॅन्फहून ठिपके सुटतात, त्याच सुमाराला छत्तीसगडात पाऊस उतरतो आणि धरसे कन्हारीच्या ताब्यात जातात; तेव्हा चार महिने खुर्चीवर बसा. नोव्हेंबरात उजाडल्यावर निघा, वीस किलोमीटर पुरे, बरोबर दोन ट्यूब आणि पंप घ्या. आणि सायकल नवी घेणार असाल तर रंग, गिअर, कंपनी नंतर. आधी फोर्क आणि टायर यांमध्ये दोन बोटं जातात का ते दुकानातच पाहा.