माल तपासून घ्यावा

भिवंडीत माल कोणी डोळे मिटून घेत नाही. आमच्या कामतघरच्या इमारतीतले आबा तर डोळ्याला भिंग लावून घेतात. उभं आयुष्य त्यांनी एका व्यापाऱ्याच्या पेढीवर ग्रे कापड तपासण्यात घालवलं. टेबलावरून ताका सरकवायचा, "तार तुटली, जाळी पडली, तेलाचा डाग," असं पुटपुटत खडूने खुणा करायच्या आणि ताका संपला की विणणाऱ्याच्या तोंडावर कपातीचा आकडा फेकायचा. बिनदोषाचा ताका जन्माला आलेला नाही, हे त्यांचं ठाम मत. दोष सापडला नाही, तर तपासणाऱ्याला डुलकी लागली असणार.

पेढी बंद झाली, भिंग घरी आलं. तेव्हापासून घरातली कुठलीही खरेदी भिंगाखालून गेल्याशिवाय पूर्ण होत नाही. फ्रिज घ्यायला आबांनी इतका वेळ लावला, की त्या मॉडेलचं उत्पादन बंद झालं. "बघा," ते म्हणाले, "दोष होताच."

मग सूनबाईंना दिवस गेले आणि आबांना आयुष्यातला सर्वांत मोठा ताका मिळाला. येणाऱ्या नातवंडासाठी मेडिक्लेम पाहिजे, असं मुलगा जेवताना सहज बोलून गेला. मुलगा माणकोलीच्या एका गोदामात सुपरवायझर, ठेकेदाराच्या हजेरीपटावर. त्याला इतकंच म्हणायचं होतं, की कुठलीतरी पॉलिसी घेऊन टाकू. "कुठलीतरी" हा शब्द आबांसमोर कोणी काढू नये.

दुसऱ्या दिवशी पद्मानगरातला एक पॉलिसीवाला पोरगा गुळगुळीत माहितीपत्रक घेऊन हजर झाला. मुखपृष्ठावर हसरं बाळ. आबांनी ते बोटांत चोळून पाहिलं आणि परत दिलं. "हा नमुना झाला. माल कुठाय?" पोरगा गोंधळला. आबांना अटी-शर्तींचा सबंध दस्तऐवज हवा होता. त्या पोराकडे अशी मागणी बहुधा कोणी केलेली नव्हती. धामणकर नाक्यावरच्या झेरॉक्सवाल्याकडून त्याने तीन कंपन्यांचे तीन गठ्ठे काढून आणले. आबांनी लाल पेन्सिलीला टोक केलं.

पहिला दोष संध्याकाळच्या आतच निघाला. बाळंतपणाचा खर्च मिळेल, पण पॉलिसी घेतल्यापासून दोन वर्षांनी. दुसऱ्या गठ्ठ्यात तीन वर्षं होती.

"सूनबाईंना चौथा महिना आहे," आबा म्हणाले. "पोराला आत थांबायला सांगू?"

"आबा, ही पॉलिसी लग्नाच्या वेळीच घ्यायची असते."

"लग्नात तू आला नव्हतास."

बाळंतपण असं निकालात निघालं. खरी मजा वगळलेल्या गोष्टींच्या यादीत होती. २०१९ साली विमा नियामकाने या यादीची भाषा सगळ्या कंपन्यांसाठी एकसारखी करून दिली आणि कलमांना एक ते अठरा क्रमांक दिले. आबांनी ती यादी गॅलरीत बसून आम्हा शेजाऱ्यांना मोठ्याने वाचून दाखवली. व्यावसायिक पातळीवर स्कायडायव्हिंग, मोटारशर्यत किंवा घोड्यांची शर्यत करताना इजा झाली तर भरपाई नाही. गुन्हेगारी हेतूने कायदा मोडताना झाली तरी नाही. चष्म्याचा नंबर साडेसातच्या आत असेल तर तो घालवण्याचा खर्च नाही. आबा प्रत्येक कलमापुढे लाल खूण करत होते. अजून जन्माला न आलेलं पोर पुढे घोड्यावर बसेल की कायदा मोडेल, याची चिंता त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होती. डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय मिळणारी जीवनसत्त्वं आणि पूरक पदार्थ चालणार नाहीत, हे चौदावं कलम आलं तेव्हा आतून आजींनी विचारलं, "मग बाळगुटी?" आबांनी कलम पुन्हा वाचलं. "गुटी आपल्या खर्चाने," ते गंभीरपणे म्हणाले आणि तिथेही खूण केली.

त्यातल्या त्यात त्यांना आरोग्य संजीवनी बरी वाटली होती. नियामकाने एप्रिल २०२० पासून सगळ्या कंपन्यांना विकायला लावलेली ही साधी पॉलिसी. कंपनी कुठलीही असो, कलमं तीच. मांजरपाटासारखा माल, म्हणजे आबांच्या ओळखीचा. पण तिच्यात प्रत्येक दाव्यातले पाच टक्के आपल्या खिशातून भरायचे असतात. हे वाचून आबा खवळले. "म्हणजे कपात कंपनी करणार? कपात घेणाऱ्याने करायची असते रे, विकणाऱ्याने नाही!" उभ्या आयुष्यात आपल्याला कोणी कपात लावेल, अशी त्यांनी कल्पनाच केली नव्हती.

जून २०२५ मध्ये नात झाली. तिसऱ्या दिवशी अंग पिवळं दिसायला लागलं. नवजात बाळांना अशी कावीळ सर्रास होते आणि निळ्या दिव्याखाली ठेवलं की बहुतेकांची उतरते. हिचीही उतरली. नर्सिंग होमने मात्र दिव्याचं बिल लावलं. आबांनी तीनही गठ्ठे पुन्हा उघडले. तिन्हीकडे एकच ओळ: मूल पॉलिसीत येणार वयाच्या नव्वद दिवसांनंतर. बाळंतपणाचं कलम लागू असेल, तर काही कंपन्या पहिल्या दिवसापासून घेतात. पण ते कलम आबांनी चौथ्या महिन्यातच निकालात काढलं होतं.

त्या आठवड्यात भेटेल त्याला आबांनी एकच प्रश्न विचारला. "पहिले नव्वद दिवस पोर कोणाचं?"

प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता. तान्ह्या बाळाला काही व्हायचं असेल, तर त्याचा सर्वांत मोठा धोका पहिल्या अठ्ठावीस दिवसांत असतो. वजन कमी, श्वासाची तक्रार, जंतुसंसर्ग, सगळं तेव्हाच. नेमकं त्याच वेळी विमा कंपनी दाराबाहेर उभी राहून पोर जरा दणकट होण्याची वाट पाहते.

उत्तर मिळालं ते आशाताईंकडून. त्या बाळ-बाळंतिणीला बघायला आल्या होत्या आणि आबांनी त्यांनाही तोच प्रश्न टाकला. "सरकारचं," त्या वजनकाटा लावता लावता म्हणाल्या. सरकारी दवाखान्यात आजारी नवजात बाळाचे उपचार, औषधं, तपासण्या आणि ने-आण मोफत. २०११ पासून जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमच आहे तसा. मोठं काही निघालं, तर महात्मा फुले जन आरोग्य योजना आहे. आता रेशन कार्ड कुठल्याही रंगाचं असो, कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत. पोरीचं नाव अजून रेशन कार्डावर चढलं नसेल, तर जन्माचा दाखला आणि आईबापाचं कार्ड दाखवायचं. "दाखला काढलात ना? एकवीस दिवसांत नोंद लागते." दाखला काढलेला नव्हता. घरातला तपासनीस पॉलिसीच्या एकतिसाव्या पानावर होता.

आबांना या योजनांत दोष काढता येईना आणि त्यामुळे ते अस्वस्थ झाले. फुकट मालाला भाव नाही आणि भाव नाही तर कपात कशात करणार? तरी इंदिरा गांधी स्मृती रुग्णालयात जाऊन त्यांनी रांग मोजली आणि जिन्यावरच्या पानाच्या पिचकाऱ्या टिपून आणल्या. योजना पास, जिना नापास.

सहा महिने व्हायच्या आतच आबांचं लक्ष दातांकडे वळलं. दात अजून एकही नव्हता. "म्हणूनच आत्ता," ते म्हणाले. "आल्यावर घेतला तर म्हणतील आधीपासूनचा आजार." या युक्तिवादावर पॉलिसीवाला पोरगासुद्धा क्षणभर गप्प झाला. मग त्याने सांगितलं, की परदेशात असतो तसा निव्वळ दातांचा विमा आपल्याकडे जवळपास कोणी विकत नाही. आपल्या बहुतेक पॉलिसींत दात येतात ते अपघातापुरते किंवा दवाखान्यात दाखल व्हावं लागलं तर.

आबांनी हिशेब मांडला. "म्हणजे पोरगी जिन्यावरून पडली आणि दात मोडला, तर पैसे मिळणार. चॉकलेट खाऊन किडला, तर नाही."

"हो, आबा."

"मग जिन्यावरून पाडायची?"

आजींनी आतून लाटणं आपटलं.

वीस दुधाचे दात. पडणारच आहेत म्हणून बहुतेक घरांत त्यांच्याकडे कोणी बघतही नाही. खरी फसगत होते ती सहाव्या वर्षी. तेव्हा दुधाच्या दातांच्या मागे एक दाढ गुपचूप येते, कोणाचाही दात न पाडता. घरचे तिलाही दुधाचीच समजतात. ती असते कायमची, आणि किडली की गेली. ही माहिती आबांना अंगणवाडीत भेटलेल्या डॉक्टरीणबाईंनी दिली. त्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या पथकातल्या. ही पथकं वर्षातून दोनदा अंगणवाड्यांत येतात, शाळांत एकदा. २०१३ च्या फेब्रुवारीत देशभरच्या या कार्यक्रमाची सुरुवात झाली ती पालघरहून, आणि तेव्हा पालघर आपल्याच ठाणे जिल्ह्यात होतं. जन्मापासून अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांत ही पथकं जी दुखणी शोधतात, त्यांत फाटलेला ओठ आहे, वाकडं पाऊल आहे आणि किडलेला दातही आहे. विमा कंपनीने वगळलेला दात सरकारच्या यादीत सापडल्याने आबांना जो आनंद झाला, तो पुढे नातीला खरा दात आला तेव्हाही झाला नाही.

पण सगळ्यात मोठा शोध लागला तो सप्टेंबरात, मुलाच्या पगाराच्या चिठ्ठीत. कुठलाही कागद फेकण्याआधी तपासायचा, या सवयीने आबांनी चिठ्ठीला भिंग लावलं. एकोणीस हजारांच्या पगारातून ईएसआयचे, म्हणजे कामगार राज्य विम्याचे, १४३ रुपये कापलेले. इथे कोणीतरी कपात करतंय हे पाहून त्यांचे कान टवकारले. मुलाला काही माहीत नव्हतं. तो म्हणाला, "ते कापतातच."

आबा दोन दिवस चौकशी करत हिंडले. पगाराचा पाऊण टक्का आपला, सव्वातीन टक्के मालकाचे. बदल्यात बायकोपोरांसकट उपचार. नव्वद दिवसांची अट नाही, घोड्यांची शर्यत नाही, पाच टक्के नाहीत. पोरीचं नाव ठेकेदाराकडून चढवून घेतलं की झालं. आबा बराच वेळ बोलले नाहीत. त्यांच्या वेळच्या मागाच्या खात्यांत ईएसआय हा शब्द ऐकला की मालक हसायचे. दहा कामगार झाले तर कायदा लागू, म्हणून एकच शेड कागदावर तिघांची व्हायची, एक भाग शेठच्या नावे, एक शेठाणीच्या, एक मेव्हण्याच्या. खटखटाट सगळीकडे एकच, पण हजेरीपटावर कायम नऊ जण. कापडातली एक तार तुटलेली आबांना दिसायची. शेडची ही वीण त्यांनी कधी खडूने टिपली नव्हती, कारण ते काम त्यांना कोणी दिलं नव्हतं.

"चांगला माल आहे," अखेर ते म्हणाले. आजींनी हे वाक्य लग्नानंतर पहिल्यांदाच ऐकलं असावं.

अर्थात दोष निघालाच. ईएसआयचं रुग्णालय ठाण्याला, वागळे इस्टेटला, आणि माणकोलीच्या ट्रॅफिकला कुठल्याच पॉलिसीत संरक्षण नाही. शिवाय एकवीस हजारांची मर्यादा. पगार तिच्या वर गेला की माणूस योजनेबाहेर. त्याच महिन्यात ठेकेदाराने मुलाला साडेएकवीस हजारांपर्यंत वाढ कबूल केली. घरात पेढे आले आणि आबा कपाळाला हात लावून बसले.

"वाढ नको म्हणून सांग."

"आबा!"

"बरं, मग नोव्हेंबरपासून दे म्हणावं. ऑक्टोबर ते मार्च हा वर्गणीचा एक काळ असतो. तो सुरू झाल्यावर पगार वाढला, तर मार्चअखेरपर्यंत नाव राहतं. सप्टेंबरात वाढला तर ऑक्टोबरात बाहेर." ईएसआयच्या कचेरीतल्या कारकुनानेही हे इतक्या ओघात सांगितलं नसतं.

निकाल लावला तो सूनबाईंनी. त्या एका सूतवाल्याकडे टॅली सांभाळतात. हिशेब त्यांनाही कळतो आणि तो कुठे थांबवायचा हेही कळतं. "वाढ घ्या. त्यातूनच हप्ता भरू," त्या म्हणाल्या. पोरगी नव्वद दिवसांची झालीच होती. २२ सप्टेंबरपासून वैयक्तिक आरोग्य विम्यावरचा अठरा टक्के जीएसटी शून्य होणार, असं जाहीर झालेलं. तेवढे दिवस त्या थांबल्या. (हे श्रेय आबा स्वतःच्या दिरंगाईला देतात.) २३ तारखेला भाजी फोडणीला टाकता टाकता त्यांनी मोबाइलवरून तिघांची एकत्र पॉलिसी घेऊन टाकली. पोराने कोणती कंपनी सुचवली, आबांनी कुठे लाल खुणा केल्या, काही न विचारता. आबांना कळलं तेव्हा भाजी झाली होती.

ते कोसळतील असं आम्हाला वाटलं. पण पॉलिसीवाल्याने सांगितलं, की तीस दिवस तपासून बघायची मुभा आहे. पटली नाही तर परत. स्टँप ड्युटी आणि गेलेल्या दिवसांचे पैसे तेवढे कापतात. आबांचा चेहरा उजळला. "परतीचा माल? मग आधी सांगायचं!"

ते तीस दिवस आबा गॅलरीत होते. दिवाळीचा कंदीलही त्यांनी भिंग हातात ठेवूनच लावला. मुदत संपायच्या आदल्या दिवशी सकाळी इमारतभर त्यांची हाक घुमली. दोष सापडला होता, तोही खरा, आणि पहिल्याच पानावर. सूनबाईंनी फोडणी देता देता नातीची जन्मतारीख एक दिवस चुकीची टाकली होती. उद्या दावा करताना दाखल्यावर एक तारीख आणि पॉलिसीवर दुसरी, म्हणजे आणखी कागद, आणखी हेलपाटे. पोराला लगेच बोलावणं गेलं. तो स्कूटरवरून आला, दाखल्याचा फोटो काढला, कंपनीला पाठवला आणि म्हणाला, दोन-चार दिवसांत दुरुस्तीपत्र येईल.

आबांनी पॉलिसी घडी करून त्याच्यासमोर ठेवली.

"दुरुस्ती ठीक आहे. कपात किती?"

पोराने चहाचा कप खाली ठेवला. "माझे वडील पद्मानगरात माग चालवायचे, आबा. तुमच्याकडे ताके टाकायचे. काल त्यांना सांगितलं, की आबांनी बोलावलंय. ते म्हणाले, जातोस तर कमिशन घरी ठेवून जा."