आरंभीची शिल्लक: चंदीगडच्या खुर्च्या संगणकात चढवण्याची रीत

कार्यालयात साठा-व्यवस्थापनाचं नवं सॉफ्टवेअर आलं आहे आणि डेडस्टॉक रजिस्टरमधली शिल्लक त्यात चढवायचं काम तुमच्या गळ्यात पडलं आहे, याचा अर्थ रजेचा अर्ज टाकायला तुम्ही उशीर केलात. आता इलाज नाही. कार्यालय चंदीगडचं असेल तर थोडी जास्त काळजी घ्या. इथली मोडकी खुर्ची गच्चीवर पडून असते तोवर तिला भंगाराचा भाव असतो. तीच पॅरिसच्या लिलावात उभी राहिली की लाखांत बोलते. सॉफ्टवेअरला मात्र दोन्ही ठिकाणी ती ‘नग 1’ एवढीच दिसते.

आधी तारीख ठरवा. आरंभीची शिल्लक कोणत्या दिवसाची, असं सॉफ्टवेअर विचारतं. शहाणा माणूस 1 एप्रिल म्हणतो. कोणत्या सालचा, ही खरी मेख. वास्तुविशारद ल कॉर्बुझिएचा चुलतभाऊ पिएर जानरे 1951 ते 1965 या शहरात राबला. त्याच्या आणि त्याच्या भारतीय सहकाऱ्यांच्या हाताखाली सचिवालय, उच्च न्यायालय, विद्यापीठ अशा सगळ्यांसाठी सागवानी, वेताने विणलेल्या खुर्च्या हजारांनी घडल्या. पुढे त्या खिळखिळ्या झाल्या, स्टीलच्या खुर्च्या आल्या आणि जुना माल रीतसर निर्लेखित होऊन लिलावात गेला. परदेशी व्यापाऱ्यांनी तो उचलला. 2011 मध्ये केंद्रीय गृहमंत्रालयाने विक्रीला मनाई केली. म्हणून आमचा सल्ला: 1 एप्रिल 2011 ही तारीख घ्या. त्याआधी काय गेलं, कुणाच्या सहीने गेलं, हे आयातीच्या फाइलमध्ये भरायला कॉलमच नाही. ‘मागील पानावरून पुढे’ एवढं लिहिलं की मागचं पान कुणी उलटत नाही.

एकीने उलटलं, हे खरं. एमी सीगल या अमेरिकन कलाकारबाईंनी 2013 च्या ‘प्रोव्हेनन्स’ या चित्रपटात सगळी वही शेवटाकडून वाचली: श्रीमंतांचे दिवाणखाने, तिथून मागे लिलावघर, दुरुस्तीचा कारखाना, जहाज आणि सरतेशेवटी चंदीगड. असा उलटा अहवाल तुमच्या सॉफ्टवेअरमध्ये असेल तर तो फक्त साहेबांच्या लॉगिनला ठेवा.

मग मोजणी. वर्षातून एकदा तरी प्रत्यक्ष पडताळणी करावी, असं 2017 चे सामान्य वित्तीय नियम सांगतात. ती बसून करू नये. ज्या खुर्चीवर बसलात तीच मोजायची राहते. शहराच्या वारसा-यादीत 12,793 नग आहेत. त्यातला तुमच्या कार्यालयाचा वाटा पहिल्याच मोजणीत बरोबर जुळला, तर कुणीतरी आकडा पाहून मोजलं आहे.

आता खुर्ची उलटी करा. पाठीमागच्या पट्टीवर किंवा पायाजवळ रंगाने काढलेली अक्षरं दिसतील: खातं आणि क्रमांक. कुण्या रंगाऱ्याने स्टेन्सिल ठेवून घाईत काढलेली, एखादा आकडा ओघळलेला. कार्यालयात याची किंमत शून्य होती. परदेशी लिलावात मात्र हाच मार्क अस्सलपणाचा पुरावा म्हणून जवळून फोटो काढून छापतात. सरकारी रंगाऱ्याच्या अक्षराला एवढा मान जगात दुसरीकडे कुठे मिळाल्याचं आमच्या ऐकिवात नाही. तेव्हा खुर्ची ‘स्वच्छ करून’ मोजू नका. सँडपेपरचे दोन हात म्हणजे लाखाचं नुकसान.

हा मार्क एक्सेलमध्ये उतरवताना कॉलम आधी ‘टेक्स्ट’ करून घ्या. नाहीतर 0047 ची नुसती 47 होते, 5-12 लिहिलंत की त्याचा डिसेंबर होतो आणि 12E3 चे बारा हजार. हसू नका. 2020 मध्ये मानवी जनुकांची नावं ठरवणाऱ्या समितीने काही जनुकांची नावंच बदलली, कारण एक्सेल त्यांना मार्च-सप्टेंबरच्या तारखा समजत होतं. शास्त्रज्ञांनी माघार घेतली. तुमचा हट्ट किती टिकणार? क्रमांकात जागा सोडायचा मोहही टाळा. या शहराने आखणीत सेक्टर 13 गाळला आणि कित्येक दशकांनी तो आकडा मनीमाजरा या भागाला चिकटवला.

‘वर्ग’ या कॉलममध्ये ‘पुरातन वस्तू’ निवडू नका. 1972 च्या कायद्याला त्यासाठी शंभर वर्षांची वस्तू लागते आणि या खुर्च्या अजून सत्तरीच्या आसपास आहेत. सध्या ‘फर्निचर, किरकोळ’.

‘दर’ या कॉलमवर बहुतेक जण अडतात. शून्य टाकलं तर काही सॉफ्टवेअर ओळ नाकारतात. घसारा संपलेल्या मालाला नाममात्र 1 रुपया लावायची जुनी रीत आहे, तीच पाळा. साठ्याचं मूल्य खरेदी किंमत आणि विक्रीमूल्य यांत जे कमी ते धरावं, हाही नियम आहे, आणि रुपयापेक्षा कमी काही निघत नाही. खुर्ची म्हणजे विकायचा माल नव्हे, असं लेखाधिकारी म्हणतील. त्यांना जुन्या लिलावाची फाइल दाखवा.

मोजणीत नग कमी भरले तर ‘तूट’ म्हणून नोंद करा, त्यासाठी तयार फॉर्म आहे. जास्त भरले तर मात्र पंचाईत. याच शहरात सार्वजनिक बांधकाम खात्यातले रस्ते-निरीक्षक नेकचंद यांनी 1957 च्या सुमारास पाडापाडीतल्या फुटक्या बांगड्या, टाइल, दगडगोटे गुपचूप सरकारी जागेत रचायला घेतले. खात्याला पत्ता लागेपर्यंत 1975 उजाडलं. कुठल्याच वहीत नसलेला एवढा साठा पाहून नियमाने बुलडोझर यायला हवा होता. 1976 मध्ये त्याचं रॉक गार्डन म्हणून उद्‌घाटन झालं आणि नेकचंदांना त्याच कामासाठी पगार व मजूर मिळाले. तुमच्या बाबतीत असं होईल, या भरवशावर राहू नका.

शेवटी फाइल चढवा आणि ‘आयात करा’ हे बटण दाबा. काही काळ काहीच होणार नाही. तेव्हा पुन्हा दाबू नका. दोनदा दाबलंत तर काही सॉफ्टवेअर शिल्लक मुकाट्याने दुप्पट करतात आणि शहरात 12,793 च्या जागी 25,586 नग होतात. तसं झालंच तर घाबरून पुसू नका. ‘अस्सल चंदीगड’ म्हणून जगाच्या बाजारात विकल्या जाणाऱ्या नकलाही जमेस धरल्या, तर हा आकडा निभावून नेता येईल. फक्त लेखापरीक्षकाला मार्क दाखवायची वेळ आली की साहेबांना पुढे करा.