फुकट ते पचेना

मोबाइल हातात घेतला की चौथ्या-पाचव्या रीलला तो भेटतोच. अंगात जाकीट, मागे बहुधा भाड्याची गाडी, आणि पहिलं वाक्य ठरलेलं: "मराठी माणूस धंद्यात मागे का?" मग घरबसल्या इंटरनेटवर धंदा कसा थाटावा, याचं दोन तासांचं वेबिनार फक्त ९९ रुपयांत. त्यातले पावणेदोन तास त्याच्या गरिबीत जातात. उरलेल्या पंधरा मिनिटांत आपल्या गरिबीची व्यवस्था होते: ४,९९९ रुपयांचा कोर्स, आज रात्री बारापर्यंतच, शिवाय पंचवीस हजारांचे 'बोनस' मोफत. मराठी माणसाला धंदा जमत नाही असं सांगत त्याच मराठी माणसाला गिऱ्हाईक करणाऱ्याला तरी धंदा उत्तम जमलाय, हे कुणाच्या लक्षात येत नाही.

या बोनसमध्ये हमखास एक पीडीएफ असते, 'उद्योजकांसाठी ५० उपयुक्त वेबसाइट'. त्यातल्या चाळीस सोडून द्या. कामाच्या आठ-दहा मी इथे सांगतो. पण तुमचा विश्वास बसणार नाही, कारण त्या फुकट आहेत. पन्नासच्या भाजीवर कोथिंबिरीच्या चार काड्या हक्काने फुकट मागणारे आपण, सरकारने काही फुकट देऊ केलं की लगेच म्हणतो, "यात काहीतरी गोम असणार."

समजायला सोपं जावं म्हणून एक वहिनी घेऊ. प्रत्येक सोसायटीत एक असतेच. दिवाळीत तिची चकली खाऊन सगळे म्हणतात, "वहिनी, तुम्ही हे विकत का नाही?" (असं म्हणणारे पुढे कधीही विकत घेत नाहीत, ते नंतर कळतं.) तर वहिनींनी मनावर घेतलं.

पहिलं काम उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या धंद्याची सरकारदरबारी नोंद. १ जुलै २०२० पासून ही सोय आहे. आधार क्रमांक टाकायचा, ओटीपी टाकायचा, पॅन द्यायचा, धंद्याची माहिती भरायची. कागद एकही जोडायचा नाही, फी शून्य. पण गुगलवर 'उद्यम' शोधलं की आधी वर येतात त्या जाहिराती. नाव सरकारी वाटावं असं, तिरंगी पट्टी, आणि फॉर्मच्या शेवटी हळूच दीड-दोन हजार. खऱ्या सरकारी साइटची खूण सांगतो, ती दिसायला वाईट असते. अक्षर बारीक, डोक्यावर सरकती सूचना, आणि आपण अर्ध्यावर आलो की 'सेशन' संपतं. साइट फारच गोजिरी दिसली, कोपऱ्यातून "नमस्कार, मी आपली काय मदत करू?" असं कुणी विचारलं, की पाकीट आवरा आणि पत्त्याच्या शेवटी 'जीओव्ही डॉट इन' आहे का ते बघा.

फॉर्म विचारतो, तुम्ही बनवता काय? इथे सरकारने कमाल केली आहे. देशातल्या यच्चयावत उद्योगांना पाच आकडी नंबर देऊन ठेवलेत. मसाले दळायचे असतील तर १०७९५, पापड लाटायचे असतील तर १०७९६. १९५९ साली गिरगावात सात बायकांनी ८० रुपये उसने घेऊन पापड लाटायला घेतले आणि त्याचा लिज्जत झाला, तेव्हा त्यांना आपला कोड माहीत नव्हता. आज ८० रुपयांत वेबिनारचं तिकीटसुद्धा येत नाही.

दुसरं, अन्न परवाना. एफएसएसएआयच्या 'फॉसकॉस' पोर्टलवर घरगुती उद्योगाची साधी नोंदणी होते. २०११च्या नियमांनी वर्षाला १२ लाखांपर्यंतच्या उलाढालीला त्यासाठी १०० रुपये फी ठेवली. वर्षाला, बरं का, महिन्याला नाही. हाती येतो चौदा आकडी नंबर, तो पाकिटावर छापायचा. एजंटला दिलं तर हेच काम काही हजारांत होतं आणि वर "साहेबांना सांगून करून घेतलं" हे ऐकायला मिळतं. त्या पोर्टलवर साहेब भेटायची गरजच पडू नये म्हणून ते काढलंय, पण साहेबाशिवाय काम झालं तर आपल्याला ते झाल्यासारखं वाटत नाही.

मग जीएसटी. हे नाव काढलं की दादा, म्हणजे वहिनींचे यजमान, वर्तमानपत्र आडवं धरतात. पूर्वी ऑनलाइन बाजारपेठेवर रुपयाची वस्तू विकायची तरी नंबर लागायचा आणि नाक्यावरच्या दुकानदाराला मात्र मालाच्या ४० लाखांच्या उलाढालीपर्यंत मोकळीक. १ ऑक्टोबर २०२३ पासून हा पंक्तिप्रपंच थोडा कमी झाला. राज्यातल्या राज्यात विकणाऱ्या छोट्यांना पॅनवर पोर्टलवरूनच एक एनरोलमेंट क्रमांक मिळतो आणि तेवढ्यावर भागतं. मात्र राज्यातल्या राज्यातच. चकली कोल्हापूरला गेली तर घरगुती उद्योग, तिथून पुढे बेळगावला गेली की आंतरराज्य व्यापार, म्हणजे रीतसर नोंदणी आली. सीमाप्रश्न जीएसटी पोर्टलने आपल्यापुरता निकालात काढलेला आहे. शिवाय पापडाला जीएसटी शून्य आणि चकलीला कर. एका ताटात वाढलेल्या दोघांत असा भेदभाव घरच्या सासूनेही केला नसता.

आता नाव. इथे दादा वर्तमानपत्र बाजूला ठेवतात. 'अन्नपूर्णा', 'माऊली', 'सुगरण', 'आईच्या हातचं'. जरा थांबा. आयपी इंडियाच्या साइटवर ट्रेडमार्क शोधून बघता येतो, शोधायला पैसे पडत नाहीत. मसाले आणि पिठं वर्ग ३० मध्ये, लोणचं २९ मध्ये. तिथे 'अन्नपूर्णा' टाकून पाहा, दुपारची झोप होईल एवढी यादी येईल. न घेतलेलं नाव सापडलंच तर एका व्यक्तीला ऑनलाइन अर्जाची फी एका वर्गाला ४,५०० रुपये. इथे खरोखर पैसे पडतात, आणि नेमके इथेच आपण म्हणतो, "नंतर बघू." हजार स्टिकर आधी छापून होतात, वकिलाची नोटीस मागाहून येते.

स्टिकरचंही तेच. मुंबईच्या 'एक टाइप'ने घडवलेला 'मुक्ता' हा देखणा देवनागरी फॉन्ट गुगल फॉन्ट्सवर मोफत पडून आहे. तरी आपल्या लेबलावर 'खाऱ्या'तला 'ऱ्य' अजून अपघात झाल्यासारखा दिसतो. २०११च्या पॅकबंद वस्तूंच्या नियमांप्रमाणे पाकिटावर काय हवं? बनवणाऱ्याचं नाव-पत्ता, निव्वळ वजन, सर्व करांसहित कमाल किंमत, महिना-वर्ष, तक्रारीसाठी फोन. आणि असतं काय? गणपती, एक सुविचार, आणि 'आमची कोठेही शाखा नाही'. वजन शोधून सापडत नाही. इंटरनेटवर धंदा करायला निघालेल्या माणसाने 'शाखा नाही' हे कुणाला बजावायचं असतं, देव जाणे.

दुकान कुठे थाटायचं? जाकीटवाले गुरुजी सांगतील स्वतःची वेबसाइट, आणि ती करून देणारा त्यांच्याच ओळखीचा. डोमेन पहिल्या वर्षी चहाच्या भावात, नूतनीकरणाला भलत्याच. वहिनींना सध्या व्हॉट्सॲप बिझनेस पुरेल. फुकट आहे, त्यात कॅटलॉग आहे, फोटो आणि किंमत टाकता येते, म्हणजे "रेट काय?" या प्रश्नाला दिवसातून चाळीसदा उत्तर द्यावं लागत नाही. (लोक कॅटलॉग बघून पुन्हा विचारतात, तो भाग वेगळा.) कामाच्या वेळा घालता येतात आणि त्याबाहेर आपोआप 'सध्या उपलब्ध नाही' असा निरोप जातो. म्हणजे दुपारी एक ते चार बंद ठेवायची पुण्याची थोर परंपरा आता क्लाउडवरसुद्धा पाळता येते. अमेरिकेतल्या माणसांनी ही सोय कुणाला विचारून केली, याचा शोध सदाशिव पेठेत लागेल.

गुगलच्या नकाशावरही धंद्याची नोंद फुकट होते. घरपोच देणार असाल तर घरचा पत्ता लपवून नुसतं 'सेवा क्षेत्र' दाखवा. नाहीतर रविवारी दुपारी एक अनोळखी कुटुंब चपला काढून आत येईल आणि "बसून खायची सोय आहे ना?" म्हणेल.

माझी यांतली सगळ्यात आवडती जागा म्हणजे मेटाची ॲड लायब्ररी. फेसबुक-इन्स्टाग्रामवर कोण काय जाहिराती चालवतंय हे तिथे कुणालाही पाहता येतं. दुसरा फराळवाला काय फोटो टाकतो, काय लिहितो, सगळं. आणि प्रत्येक जाहिरातीखाली ती कधी सुरू झाली याची तारीख. सहज आपल्या जाकीटवाल्याचं नाव टाकून बघा. 'शेवटच्या ३० जागा' कधीपासून शिल्लक आहेत ते कळेल.

इथपर्यंत सगळं स्वस्त, सोपं आणि बसल्या जागी. आता खरी चकली डब्यात भरायची वेळ.

बहुतेक कुरिअर कंपन्या दोन वजनं बघतात. एक काट्यावरचं, दुसरं खोक्याचं: लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये गुणायची आणि पाच हजाराने भागायची. (काहींचा भाजक वेगळा असतो, पण चाल तीच.) दोन्हींतलं जास्त येईल त्याचे पैसे. वहिनींनी एक किलो चकली घेतली. मोडू नये म्हणून अर्ध्या अर्ध्या किलोची दोन पाकिटं, भोवती फुगेवाला कागद, कोपऱ्यांत वर्तमानपत्राचे बोळे. खोकं झालं तीस बाय वीस बाय वीस. गुणाकार बारा हजार, भागिले पाच हजार, म्हणजे २.४ किलो. बऱ्याच ठिकाणी अर्ध्या किलोच्या टप्प्याने मोजतात, म्हणून अडीच. एक किलो चकलीला अडीच किलोचं भाडं! चकलीत मुळात अर्धी भोकंच असतात, त्यात वहिनींनी वरून आणखी हवा भरली, आणि कुरिअरवाला हवेचे पैसे सोडत नाही. कॅश ऑन डिलिव्हरी ठेवलं आणि गिऱ्हाइकाने दार उघडलंच नाही, तर ते खोकं परत येतं आणि परतीचं भाडंही बहुधा वहिनींच्याच नावावर. उघडून पाहावं तर आत चिवडा.

दर काढायची गणकयंत्रं टपाल खात्यापासून खासगी कुरिअरपर्यंत बहुतेकांच्या साइटवर फुकट आहेत, पिनकोडसकट. ती ऑर्डर घेण्याआधी उघडायची असतात. तिथे पाच मिनिटं घालवली असती तर वहिनींना कळलं असतं की इंटरनेटला चालणारा पदार्थ शंकरपाळी आहे. घट्ट बसते, मोडत नाही, मोडली तरी शंकरपाळीच राहते. पण "वहिनी, तुमची शंकरपाळी काय सुंदर!" असं कुणी कधी म्हटलेलं नसतं, तेव्हा धंदा चकलीवरच होणार.

आणि मग एके दिवशी मोठी ऑर्डर येते. दहा किलो लाडू, दहा किलो चकली. माणूस फोनवर हिंदीत सांगतो, मी फौजी आहे, युनिटमध्ये कार्यक्रम आहे, भावात घासाघीस नाही. इथेच शंका यायला हवी, कारण घासाघीस न करणारं गिऱ्हाईक या देशात खरं असत नाही. तो ओळखपत्राचा फोटो पाठवतो, नंतर एक क्यूआर कोड. "स्कॅन करा, पिन टाका, ॲडव्हान्स जमा होईल." पैसे घ्यायला पिन लागत नाही, कधीच लागत नाही. पिन टाकला की पैसे जातात. दादांनी तोवर सोसायटीच्या ग्रुपवर 'आपल्या चकलीला सैन्यातून मागणी' असं टाकून झालेलं असतं. यासाठीची उपयुक्त जागा म्हणजे १९३० हा सायबर फसवणुकीचा नंबर. जितका लवकर फिरवाल तितकी पैसे वाटेत अडायची शक्यता जास्त. पण आपण आधी तासभर भांडतो की पिन टाकायला कोणी सांगितलं.

फौजी एखादाच भेटतो. बाकीचा तोटा नात्यातला. व्हॉट्सॲप बिझनेसमध्ये गिऱ्हाइकांना रंगीत लेबलं लावता येतात: नवीन गिऱ्हाईक, नवीन ऑर्डर, पैसे बाकी, पैसे मिळाले, ऑर्डर पूर्ण. वहिनींच्या फोनवर 'पैसे बाकी'खाली आत्या, दोन्ही जावा, दादांचे साहेब आणि मामेसासूबाई. पूर्वी निदान यूपीआयवरून पैशाची मागणी पाठवता यायची, तोंड उघडावं लागत नसे. त्या मागणीच्या आडून लोकांना फसवलं जाऊ लागलं, म्हणून १ ऑक्टोबर २०२५ पासून व्यक्तीने व्यक्तीकडे अशी मागणी करायची सोयच बंद झाली. मामेसासूबाईंकडचे ६४० रुपये वहिनींना आता तोंडानेच मागावे लागणार, तेही दिवाळीत, पाया पडून झाल्यावर.