नानांचं पातेलं

नेरुळच्या सेक्टर सहात, सारसोळे गावठाणाला लागून असलेल्या इमारतींत, जुना कपडा सहजासहजी मरत नाही. नाना त्याला मरू देत नाहीत. ठाणे-बेलापूर रस्त्यावरच्या रसायनाच्या कारखान्यात ज्याची उमेदीची वर्षं गेली, असा एक तरी निवृत्त नाना इकडच्या प्रत्येक सोसायटीत असतो.

विटलेला पडदा दिसला की नाना तो चिमटीत धरतात, एक धागा उपसतात आणि काडी लावतात. कागद जळल्याचा वास आला, भुरभुरीत राख झाली, तर सुती. वितळून कडक गोळी झाली तर पॉलिस्टर. हा शब्द ते नावडत्या जावयाचं नाव घ्यावं तसा उच्चारतात. कारण सुताचा रंग पॉलिस्टर धरत नाही. त्याला वेगळा रंग आणि सणसणीत उकळी लागते. पडदा आपला असतो, हेही या तपासणीत आपल्याला विसरायला होतं.

मग पातेलं चढतं. हे एकेकाळी नानींचं पुरणाचं पातेलं होतं. नाना मुठीमुठीने मीठ टाकतात आणि समजावतात, "पाण्यात सुतावर ऋण भार, रंगावरही ऋण भार. दोघं एकमेकांना जवळ येऊ देत नाहीत. मीठ मध्यस्थी करतं." लग्न जमतं, पण त्याचा डाग वऱ्हाडाच्या, म्हणजे आमच्या, सामाईक गॅलरीला लागतो.

एकदा त्यांनी मुलाची खाकी पँट नेव्ही ब्लू केली. कापड छान उतरलं. शिवणीचा दोरा मात्र पॉलिस्टरचा निघाला आणि खाकीच राहिला. मुलगा ऑफिसला गेला तेव्हा शिंप्याने घातलेला टाका न् टाका लांबून मोजता येत होता. नाना म्हणाले, "हल्ली अशीच फॅशन आहे." ते खरंही होतं, हा नानांचा सगळ्यात मोठा त्रास.

नवरात्र हा त्यांचा हंगाम. सोमवारी पांढरा, गुरुवारी पिवळा, रविवारी नारिंगी, मंगळवारी लाल. वारांचे रंग ठरलेले. नानांचं म्हणणं, एक चांगली सुती ओढणी असताना नऊ ओढण्यांची गरज काय? फिक्याकडून गडदकडे जायचं. पण पंचांग फिक्याकडून गडदकडे जात नाही. मंगळवारच्या लालनंतर बुधवारचा निळा आला आणि ओढणी वांगी रंगाची झाली. रंगकाट घालून ती सोडवायला गेले, तर हाती जे आलं त्याला कुठलाच वार नाही.

कुणी हसलं की नाना पुण्याच्या भाऊ रंगारींचा दाखला देतात. भाऊसाहेब जावळे पेशाने वैद्य. घरचा धंदा शालू रंगवण्याचा, म्हणून लोकांत नाव पडलं रंगारी. त्यांनी १८९२ साली सार्वजनिक गणपती बसवला. "रंगाऱ्याने काय केलं बघा," एवढंच बोलून नाना पातेल्याकडे वळतात. स्वतः काय केलं, हे सांगायची जबाबदारी ते आपल्यावर सोडतात.

त्यांना निरुत्तर केलं ते फक्त गावठाणातल्या कोळणीने. पापलेट तोलता तोलता ती म्हणाली, "आमचा आजा सुती जाली सालीच्या कारऱ्यान रंगवाचा. जाला टिकवाला! तुमी कनाला रंगवताव?" नायलॉनची जाळी आल्यापासून तो काढा कुणी उकळत नाही. नाना गप्प बसले. दुसऱ्या दिवशी साल कुठे मिळेल याची चौकशी करत जेट्टीपर्यंत जाऊन आले. तिथून खाडीतले रोहित पक्षी दिसले. त्यांचा गुलाबी रंग खाण्यातून येतो हे कळल्यावर म्हणाले, "म्हणजे आतून पक्का!" आणि कितीतरी वेळ पाहत उभे राहिले.

नानींनी आयुष्यात या सगळ्याला कधी विरोध केला नाही. त्यांची एक पांढरी सुती साडी आहे, ती आमच्या कपाटात असते. परवा आम्ही ती ऊन द्यायला गॅलरीत टाकली, तर खालून नानांची हाक आली, "वहिनी, साडी जरा पिवळट वाटतेय हो. द्या, पातेलं रिकामंच आहे!"