अस्सल खेडवळ, जन्मगाव नायगाव

सिनेमावाल्यांना खेड्यातला माणूस भोळाच लागतो. ‘एकटा जीव सदाशिव’मध्ये (१९७२) दादा कोंडके गावातून शहरातल्या श्रीमंत घरात आले, २००० साली हिंदीत तोच माल गोविंदाच्या अंगावर घालून खपवला. गंमत अशी, की मराठी पडद्यावरच्या या अस्सल खेडवळाचा जन्म मुंबईच्या नायगावातला. म्हणजे भोळेपणाही तिकडेच तयार होतो, आमच्या येवल्याकडे नुसता खपायला येतो.

आता अशाच एका सिनेमासाठी गावाकडचा भोळा फुटबॉलपटू घ्या. ‘झुंड’ (२०२२) मधली पोरं नागपूरच्या झोपडपट्टीतली, भोळी तर मुळीच नाहीत, ती बाद. मग येवल्याचं पोरगं मुंबईत कूपरेजच्या मैदानावर उतरवा. ते गोलपोस्टला नमस्कार करणार, रेफ्रीला ‘रामराम पाव्हणं’ म्हणणार. (सिनेमात नाशिक जिल्हाही कोल्हापुरीतच बोलतो.) अडचण एवढीच, की संक्रांतीचे तीन दिवस गच्चीवर मांज्याची आसारी धरून ज्याने अख्ख्या गल्लीचे पतंग कापले, त्याला फसवायला मुंबईत कोण बसलंय? तो आधी मानधनाचं विचारील, तेही रोख.

भोळी माणसं बघायची तर आमच्या येवल्यातल्या पैठणीच्या दुकानात बसा. मुंबईच्या ताई पदरावरचे मोर मोजतात, फोटो काढतात, ‘हातमागाचीच ना?’ विचारतात आणि ‘होय’ म्हटलं की त्यांना पटतंही. पदर उलटून बघायचं काही सुचत नाही. हातमागाच्या नक्षीमागे सुटे धागे लोंबत नाहीत, हे इथल्या शाळकरी पोरीलाही ठाऊक. पण यावर सिनेमा निघायचा नाही. तिकिटं ताईच काढतात ना!