एकास बहात्तर

नानांच्या घरी ऐन मे महिन्यात पंखा बंद असतो. खिडक्या लावलेल्या, बाल्कनीचं दार तेवढं किलकिलं आणि घरभर थिनरचा वास. आलेला पाहुणा घाम पुसत बसतो. माई त्याच्या हातात वर्तमानपत्राची घडी देतात आणि हळूच बजावतात, "जपून वारा घ्या हं. वार्निश ओलं आहे."

बँकेतून निवृत्त झालेल्या माणसानं पुण्यात काय करावं, हे ठरलेलं आहे. सकाळी टेकडी, दुपारी शेअर बाजार, संध्याकाळी सोसायटीचं सेक्रेटरीपद. नाहीतर सहा महिने अमेरिकेत नातवंडांची ड्यूटी. नाना लढाऊ विमानं बांधतात. प्लास्टिकची, एकास बहात्तर या प्रमाणात. म्हणजे सहा फुटी माणूस बरोबर एक इंचाचा होतो आणि अख्खं मिग-21 वीतभर. हे प्रमाण नानांच्या डोक्यात इतकं मुरलंय, की सोसायटीच्या सभेत कुणी "जरा एक मिलिमीटर इकडेतिकडे झालं तर काय बिघडलं?" म्हणालं, की ते ताडकन उठतात. "एक मिलिमीटर म्हणजे सात सेंटिमीटर झाले!" सभा गटारीच्या पाइपाबद्दल चाललेली असते.

ही जमात प्रत्येक मोठ्या शहरात आहे. साधारण पन्नाशीच्या पुढची, बहुतेक पुरुष, चष्म्यावर दुसरं भिंग चढवणारी. इंजिनीअर असतात, बँकवाले असतात आणि दातांचे डॉक्टर तर हटकून असतात. त्या डॉक्टरांना या वर्तुळात फार मान. त्यांच्याकडची झिजलेली, टाकाऊ हत्यारं पंखांमधल्या फटी कोरायला मिळतात, म्हणून नानांनी दोन धडधाकट दाढा नियमित तपासून घेतल्या आहेत.

लागण बहुधा लहानपणीच होते. नानांना झाली ती 1970 नंतरच्या एका दिवाळीत, विलायतेहून आलेल्या मामामुळे. मामानं एअरफिक्सचा स्पिटफायर आणला. नानांनी तो तासाभरात चिकटवला, बोटांचे ठसे पंखांवर कायमचे उमटले आणि तेव्हापासून या माणसाला दुसरं काही सुचलेलं नाही. मध्ये छत्तीस वर्षांची नोकरी आणि एक लग्न झालं.

किट म्हणजे पुठ्ठ्याचा खोका. वरच्या चित्रात विमान आग ओकत ढगांतून बाहेर पडत असतं. आत राखाडी प्लास्टिकच्या चौकटींना लटकलेले शे-दीडशे तुकडे आणि एक घडी घातलेला नकाशा असतो. चित्रापासून तुकड्यांपर्यंत यायला झाकण उघडावं लागतं; तुकड्यांपासून चित्रापर्यंत जायला नानांना चार महिने लागतात. त्यातले पहिले दोन महिने ते कॉकपिटमध्ये असतात.

कॉकपिट म्हणजे या विमानात नखाएवढी जागा. मिग-21च्या कॉकपिटला रशियनांनी एक निळसर-हिरवा रंग दिला होता. तो नेमका किती निळा आणि किती हिरवा, यावर जगभरातल्या नानांचं एकमत नाही. आमच्या नानांकडे तीन कंपन्यांच्या तीन बाटल्या आहेत. लेबलावर तेच नाव, आतला रंग प्रत्येकीचा निराळा. शेवटी त्यांनी कोथरूडमध्ये राहणारे एक निवृत्त ग्रुप कॅप्टन गाठले. या गृहस्थांची उमेदीची वर्षं मिग-21 उडवण्यात गेलेली. नाना तिन्ही रंगांचे नमुने घेऊन त्यांच्यासमोर बसले आणि विचारलं, "सर, यातला नेमका कोणता?" ग्रुप कॅप्टननी तिन्ही निरखून पाहिले आणि म्हणाले, "अहो, आम्ही बाहेर बघत होतो."

नानांनी परत येताना निष्कर्ष काढला, की रंगाच्या बाबतीत वैमानिकाच्या साक्षीला अर्थ नाही. मग आठ दिवस खपून त्यांनी कॉकपिट रंगवलं, काडीच्या टोकानं घड्याळांचे काटे काढले, पट्ट्याचं बक्कल चंदेरी केलं. त्यानंतर धडाचे दोन अर्धे भाग चिकटवले, वर काचेचं झाकण लावलं आणि ते सगळं दिसायचं बंद झालं. "कुणाला दिसणार आहे ते?" असं मी विचारलं. नाना म्हणाले, "मला माहिती आहे ना."

इथे चिकटवणं हा शब्द आपल्या फेव्हिकॉलच्या अर्थानं घेऊ नये. हिरव्या झाकणाच्या बाटलीतलं एक पातळ द्रव्य प्लास्टिक विरघळवतं आणि दोन भाग एकमेकांत वितळून एकजीव होतात. फटीच्या तोंडाशी ब्रश टेकवला की द्रव्य आपणहून आत ओढलं जातं. हे दृश्य खरोखर बघण्यासारखं असतं. मग सांध्यावर पुट्टी, ती वाळली की ओला पॉलिश पेपर, मग प्रायमर. प्रायमर बसला की लक्षात येतं, सांधा अजून दिसतोय. पुन्हा पुट्टी. माईंच्या मते ताजमहालाला इतका वेळ लागला नसेल.

एकदा मिगच्या नाकात वजन भरायचं होतं. पुढे एक चाक आणि मागे दोन, अशा विमानाचं नाक हलकं राहिलं तर ते तयार झाल्यावर शेपटीवर बसतं आणि चार महिन्यांची मेहनत आकाशाकडे तोंड करून राहते. वजनाला शिशाच्या गोळ्या उत्तम, आणि त्या गळाच्या दुकानात मिळतात. जन्मात मासा न चाखलेले नाना त्या दुकानात गेले. दुकानदारानं विचारलं, "कुठला मासा धरणार?" नाना म्हणाले, "मिग ट्वेंटी-वन." दुकानदारानं "खाडीतला का?" म्हणून गोळ्या बांधून दिल्या.

सगळ्यात कसोटीचा क्षण मात्र चिमट्याचा. विमानाच्या बाहेर काढलेली एखादी नळी, केसाहून थोडी जाड, चिमट्यात धरलेली असते. नाना श्वास रोखतात. 'टिक्' असा बारीक आवाज होतो आणि चिमटा रिकामा. नळी या विश्वात कुठेही असू शकते. नाना खुर्चीवरून न हलता ओरडतात, "कुणी हलू नका!" घरात त्या वेळी जे कोणी असेल, त्यानं आहे तिथे थिजायचं. मग मोबाइलचे टॉर्च लावून सगळे जमिनीवर. मीही दोनदा रांगलोय त्या फरशीवर. कामवाल्या मावशींना सक्त ताकीद आहे, की त्या खोलीतली सुपली कचऱ्यात ओतायची नाही. आधी नानांसमोर धरायची. मावशी सुपली धरतात, नाना भिंगातून तपासतात, आणि मावशी शेजारच्या घरी जाऊन सांगतात, "साहेब कचरा वाचतात."

पावसाळ्यात रंगकाम बंद. हवेत ओल असली की काही वार्निशांवर पांढरट धूर धरतो आणि काळं विमान पीठ लावल्यासारखं दिसतं. म्हणून नानांचा चातुर्मास वेगळा: आषाढापासून फक्त कापणं, घासणं, जोडणं, एअरब्रशला हात दसऱ्याला, शस्त्रपूजनानंतर. कॉम्प्रेसरला झेंडूची माळ मी स्वतः पाहिली आहे.

रंग झाला की डेकल. पाण्यात भिजवलेल्या कागदावरून चिन्ह अलगद पंखावर सरकवायचं आणि त्यावर मऊ करणारं औषध लावायचं. औषध लागताच चिन्ह म्हाताऱ्याच्या कातडीसारखं सुरकुततं. नवखा माणूस इथे घाबरून बोट लावतो आणि सगळं घालवतो. नाना हात मागे बांधून खोलीबाहेर जातात, चहा पितात. अर्ध्या तासानं चिन्ह रंगवल्यासारखं सपाट बसलेलं असतं. नानांना संयम शिकवणारी ही एकमेव गोष्ट. बँकेतल्या ग्राहकांना विचारा.

यानंतर जे होतं ते माईंना आजवर पटलेलं नाही. चकचकीत तयार झालेलं विमान नाना पद्धतशीर मळवतात. एक्झॉस्टची काजळी, तेलाचे ओघळ, टायरवर माती, पायऱ्यांपाशी उडालेला रंग. "आधी चार महिने घासायचं आणि मग घाण करायचं," माई म्हणतात. "त्यापेक्षा आमच्या स्वयंपाकघरातला एक्झॉस्ट फॅन बघा. फुकटात झालंय."

अशा माणसाबरोबर युद्धपट पाहू नये. 1969 सालचा 'बॅटल ऑफ ब्रिटन' लागला होता. पडद्यावर जर्मन विमानांचा ताफा घोंघावत आला आणि नाना हसायला लागले. ती मेसरश्मिट नव्हतीच म्हणे. स्पेनमध्ये बांधलेली बुशॉन जातीची विमानं रंगवून उभी केली होती, आणि त्यांच्यात इंजिन होतं रोल्स-रॉइसचं मर्लिन, म्हणजे समोरच्या स्पिटफायरच्याच घराण्यातलं. "नाकाचा आकार बघ ना!" पुढचे दोन तास आम्ही नाकं बघितली. लंडन कधी जळलं ते कळलंच नाही.

भेटवस्तूंचंही तेच. लंडनच्या पुतण्यानं प्रेमानं नॅट विमानाचं किट आणलं. 1965 च्या युद्धात पाकिस्तानची सेबर विमानं पाडणारं, 14 डिसेंबर 1971 ला श्रीनगरवर निर्मलजितसिंग सेखों ज्यात बसून एकटे लढले आणि हवाई दलाचं आजवरचं एकमेव परमवीरचक्र मिळवून गेले, ते नॅट. नानांचे डोळे भरून आले. मग त्यांनी खोका उलटून पाहिला. आतलं नॅट ब्रिटिशांचं, कसरती करणाऱ्या रेड ॲरोज पथकाचं, लालभडक आणि दोन आसनी. सेखोंचं एक आसनी. "छान आहे हो," नाना म्हणाले आणि खोका माळ्यावर गेला.

माळ्याबद्दल बोलायला हवं. वर्षाला तीन विमानं पुरी करणाऱ्या या गृहस्थाकडे माळ्यावर, दिवाणात आणि गौरीच्या मुखवट्यांच्या ट्रंकेमागे मिळून दीडशेच्या आसपास न उघडलेली किट आहेत. म्हणजे पन्नास वर्षांची बेगमी. नाना पासष्टीला टेकलेत. तरी परवा पार्सल आलंच. नवीन खोका घरात आणण्याची त्यांची एक रीत आहे: तो आधी आमच्याकडे उतरतो, माई भिशीला गेल्या की वर चढतो, आणि दिवाळीच्या साफसफाईत सापडला की "अगं, हे जुनंच आहे" असं म्हटलं जातं. किंमत विचारली तर नाना एक शून्य गाळून सांगतात. माई हिशेबाच्या पक्क्या. त्या ते शून्य मनातल्या मनात परत लावतात.

आणि इतक्या खोक्यांत नानांना हवं ते नाही. त्यांना हवंय मारुत. भारतातच आखलेलं पहिलं लढाऊ जेट, एचएफ-24. ते ज्यानं आखलं त्या कुर्ट टँक या जर्मन माणसानं दुसऱ्या महायुद्धात फोक-वुल्फ 190 केलं आणि पुढे बंगळूरला येऊन हिंदुस्थान एअरक्राफ्टसाठी मारुत. पहिलं उड्डाण 17 जून 1961. टँकच्या त्या जर्मन विमानाची किट जपानपासून चेक प्रजासत्ताकापर्यंत जो तो काढतो, दर वर्षी नवी. त्याच हातानं आखलेलं मारुत एकाही मोठ्या कंपनीला काढावंसं वाटलं नाही. नाना हे सांगताना आवाज चढवतात, आणि इथे मी पूर्णपणे नानांच्या बाजूनं आहे.

म्हणून ते आता मारुत मुळापासून घडवताहेत. दादरला भाचीचं लग्न होतं. मुहूर्त 11 वाजून काही मिनिटांचा. मंगलाष्टकं सुरू झाली तेव्हा मामा जागेवर नव्हता. तो वरळीला नेहरू विज्ञान केंद्राच्या आवारात, तिथे ठेवलेल्या मारुतच्या पोटाखाली मान वर करून उभा होता. शाळेच्या सहलीतली मुलं विमानासमोर फोटो काढून घेत होती. नाना चाकाच्या खाचेचे काढत होते. जेवणाच्या पंगतीला ते पोचले, झब्ब्याला काळे डाग. भाचीनं विचारलं, "मामा, अक्षता?" नाना म्हणाले, "अगं, आत हायड्रॉलिकच्या पाइपाचे कंस जसेच्या तसे आहेत!" भाचीनं वाकून नमस्कार केला. काय करणार?

गेल्या गणपतीत मंडळाच्या पोरांनी लढाऊ विमानाचा देखावा केला. पुठ्ठ्याचं दहा फुटी विमान, पंखांवर तिरंगी चक्र. नाना दर्शनाला गेले, बाप्पाला हात जोडले आणि त्याच हातांनी पंखाकडे बोट केलं. पोरांनी हिरवं कडं बाहेर काढलं होतं. हवाई दलाच्या चिन्हात केशरी बाहेर, मध्ये पांढरं, हिरवा गाभ्यात. रात्री साडेअकराला नाना रंगाचे डबे घेऊन शिडीवर. आरती अर्धा तास थांबली. पोरं आधी कुरकुरली, पण पुढच्या वर्षीच्या अहवालात "तांत्रिक सल्लागार" म्हणून नाव छापायचं ठरलंय.

26 सप्टेंबर 2025 ला चंडीगडला मिग-21 निवृत्त झालं. 1963 पासून सेवेत. नाना सकाळपासून टीव्हीसमोर, इस्त्रीचा शर्ट घालून. माईंनी शिरा केला होता. शेवटची विमानं उतरली, पाण्याचे फवारे उडाले, नानांनी चष्मा काढून पुसला. माईंनी पाठीवर हात ठेवला. नाना म्हणाले, "टीव्हीवर राखाडी रंग भलताच निळा दिसतोय."

तर, तुमच्या ओळखीत असा कुणी असेल आणि त्याच्या घरी जायचा योग आला, तर काचेच्या कपाटासमोर पाच मिनिटं नीट उभे राहा. "उडतं का हे?" असं विचारू नका, "वेळ बरा मिळतो तुम्हाला" असं तर मुळीच म्हणू नका. लहान मूल बरोबर असेल तर कडेवर ठेवा. आणि तुमचं कुणी जपानहून येणार असेल, तर ते नानांच्या कानावर घालू नका. हा निरोप माईंचा आहे, मी फक्त पोचवतोय.