गाठ कुणाशी आहे?

जुने पहाडवाले, म्हणजे परांची बांधणारे, भेटले की हल्ली एकच रड ऐकवतात. पोरांना गाठ मारता येत नाही.

ही रड ऐकायला मुंबईत नाहूरइतकी सोयीची जागा नाही. इथलं स्टेशनच मुळात 2003 चं. म्हणजे इथे परांच्या बांधून गेलेले कित्येक हात स्टेशनपेक्षा जुने. भांडुप आणि मुलुंड यांच्या मधल्या या पट्ट्यातले कारखाने गेले, टॉवर आले. शास्त्री मार्गावर मेट्रो-4 चे खांब आले. नाहूरची उंची वाढतच चालली आहे.

उंचीवर चढणाऱ्याचा भाव तेवढा तळमजल्यावर राहिला.

असो. आधी तक्रार खरी की खोटी ते बघू. गाठ म्हणजे काय प्रकरण आहे? काथ्या भिजवायचा. उभ्या बांबूला आडवा टेकवायचा. तिरके फेरे घ्यायचे, मग दोन बांबूंच्या मधून आवळायचं, टोक आत खोचायचं. आणि शेवटी त्या गाठीवर पाय देऊन अंगाचा सगळा भार टाकायचा. टिकली तर पुढची गाठ. या तपासणीला फॉर्म नाही, शिक्का नाही, साहेबाची सही नाही. पण चुकलं तर निकाल जागच्या जागी लागतो.

बांबूचंही तसंच. कोकणातला माणगा जवळजवळ भरीव, म्हणून त्याचा मान वेगळा. जुना माणूस बांबू हातात घेऊन फिरवायचा, चीर दिसली की बाजूला टाकायचा. आता बाजूला टाकायची सोय नाही. एकच बांबू या साइटवरून त्या साइटवर जातो, टोक फुटलं की तेवढं कापतात आणि पुन्हा चढवतात. दर साइटला बांबू वीतभर आखूड होतो.

बिल आखूड झाल्याचं ऐकिवात नाही.

तेव्हा जुन्यांचं म्हणणं निम्मं खरं. उरलेलं निम्मं मात्र जरा पारखून घ्यायला हवं. ‘आमच्या काळी कुणी पडत नव्हतं’ असं ते छातीठोक सांगतात. सांगणारच. जे पडले ते सांगायला येत नाहीत.

त्या काळी कमरेला पट्टा नव्हता, डोक्यावर टोपी नव्हती, पायात चप्पलसुद्धा नव्हती. पट्टा मागणं म्हणजे घाबरट ठरणं. अनवाणी चौथ्या मजल्यावर उभं राहून बिडी पेटवणारा तो खरा कारीगर! त्या मर्दुमकीला आज आपण ‘कसब’ म्हणतो. कसब होतंच. पण त्यातलं कसब किती आणि नशीब किती, याचा हिशेब कुणी ठेवला?

आजच्या पोराला पट्टा मिळतो. साहेब आला की हूक बांबूला, साहेब गेला की हूक कमरेला. हेल्मेट फोटोपुरतं. चला, पोरगं बेफिकीर आहे असं धरून चालू आणि त्याला शिस्त लावू. हूक अडकव म्हणू. पण कशाला अडकवायचा?

त्याच बांबूला. ज्याची गाठ त्याला येत नाही.

आता मूळ प्रश्न. त्याला गाठ का येत नाही? पूर्वी नवं पोरगं आधी खालून बांबू द्यायचं. मग परांची सोडवायला शिकायचं. सोडवता सोडवता बांधलेलं कसं असतं ते डोळ्यांखालून जायचं. बांधायची पाळी त्यानंतर. आता पोरगं मालद्याहून किंवा झारखंडातून येतं आणि गाडीचा शीण उतरायच्या आत पाचव्या मजल्यावर असतं. शिकवायचं कुणी? जुन्यांनी? रोजंदारीच्या माणसाला दुसऱ्याला शिकवण्याचा रोज कोण देतो? आणि जुन्यांचा स्वतःचा मुलगा कुठे आहे? तो या धंद्यात नाही. बापानेच बजावून ठेवलं होतं, काहीही कर, पण बांबूवर चढू नकोस.

म्हणजे गाठ हरवली नाही. बापाने जाणूनबुजून दिली नाही.

मग दोष नायलॉनवर. काथ्या गेला, प्लास्टिकची दोरी आली, ती बांबूवरून सरकते, उन्हाने विरते. खरंय. पण हाँगकाँगमध्ये मोठमोठे टॉवर बांबूच्या परांचीत उभे राहिले, आणि ते बांबू कशाने बांधतात? नायलॉनच्या पट्टीने. फरक एवढाच की तिथे बांधणाऱ्याला रीतसर शिकवतात आणि जाणकार माणसाने दर 14 दिवसांच्या आत परांची तपासल्याचा कागद लागतो.

तिथेही सगळं आलबेल नाहीच. नोव्हेंबर 2025 मध्ये ताइ पो भागातल्या वसाहतीला दुरुस्ती चालू असताना आग लागली, दीडशेहून जास्त माणसं गेली. पहिल्या दिवसापासून बोट बांबूकडे. पुढे तपास सुरू झाला तेव्हा भोवतीची निकृष्ट जाळी आणि खिडक्यांवर लावलेला फोम चर्चेत आला. जाळी आणि फोम पुरवणारे बोलू शकतात. बांबू बोलत नाही.

आपल्याकडे कायदा नाही असं मात्र म्हणू नका. 1996 चा बांधकाम कामगार कायदा होता, त्याखालचे नियम होते, आता नवी श्रमसंहिता आली. परांची ‘जबाबदार व्यक्ती’च्या देखरेखीखालीच उभारावी आणि उतरवावी, असं नियमांत स्वच्छ लिहिलेलं होतं. छान! आता एवढंच सांगा, ही जबाबदार व्यक्ती तुमच्या सोसायटीत कधी आली होती? सेक्रेटरी कंत्राटदाराकडे बोट दाखवतो. कंत्राटदार पोटकंत्राटदाराकडे. पोटकंत्राटदार मुकादमाकडे. मुकादम वर बघतो.

वर ते पोरगं असतं.

कामगार कल्याण मंडळाची नोंदणी हवी? वर्षात 90 दिवस काम केल्याचा दाखला आणा. ज्याचा मालक दर आठवड्याला बदलतो त्याने हा दाखला कुणाकडे मागायचा? मिळालाच तर साठीपर्यंत लाभार्थी. गुडघे मात्र पन्नाशीतच राजीनामा देतात.

याच राज्यात दुसरी एक परांची आहे. माणसांवर माणसं उभी राहतात, थर लागतात, हंडी फुटते. दहीहंडीला 2022 मध्ये सरकारने साहसी खेळाचा दर्जा दिला, गोविंदाचा मृत्यू झाल्यास 10 लाखांचं कवच जाहीर केलं, 2025 मध्ये दीड लाख गोविंदांचा विमा उतरवला. चांगलंच केलं, त्यात खोट काढायचं कारण नाही. पण गोविंदाकडे 90 दिवस थर लावल्याचा दाखला कुणी मागितला का? एक दिवस चढलात तर साहस. वर्षभर चढलात तर मजुरी.

गोविंदाच्या खाली नेता उभा असतो. पहाडवाल्याच्या खाली फक्त पार्किंग.

बांबूचे दिवस मात्र फिरले आहेत हं. 2017 मध्ये वन कायद्यात दुरुस्ती झाली आणि बांबू झाडांच्या यादीतून बाहेर पडला. 2025 मध्ये राज्याने बांबू उद्योग धोरणच आणलं. फर्निचर, कापड, इंधन, काय काय होणार आहे त्याचं. बांबूला धोरण मिळालं. बांधणाऱ्याला अजून काथ्याच मिळत नाही.

‘काळ बदलला, आता पाइप आले’ असं म्हणणारे भेटतात. आले ना. नव्या टॉवरला अॅल्युमिनियमचे साचे लागतात, बाहेरून बांबू चढतच नाही, रंगाला झुला सोडतात. जिथे परांची लागते तिथे कपलॉकचे पाइप. गाठ नको, हातोडीने कप आवळला की झालं. ठीक. पण त्या पाइपाच्या पायाशी एकदा वाकून बघा. बेसप्लेटच्या जागी विटेचा तुकडा. पोलादाचा मनोरा अर्ध्या विटेवर.

बांबू उरला तो आपल्याकडे, जुन्या सोसायट्यांकडे. आणि इथे, वाचकहो, तुम्ही-आम्हीच गिऱ्हाईक. इमारतीने तिशी ओलांडली की स्ट्रक्चरल ऑडिट सक्तीचं. ऑडिट झालं, गळती निघाली, दुरुस्ती ठरली. तीन कोटेशनं आली. सर्वसाधारण सभेत वॉटरप्रूफिंगच्या कंपनीवर तासभर वाद. रंगाच्या छटेवर दोन तास, त्यात दोन जुनी भांडणं उकरली. मग कुणीतरी विचारतं, ‘हे परांचीचे एवढे कशाला? शेवटी काढूनच तर नेणार ना?’

बिनतोड मुद्दा. दर कमी होतो. सर्वानुमते.

परांची चढली की दुसऱ्या दिवसापासून व्हॉट्सअॅप ग्रुप पेटतो. ते लोक खिडकीतून आत बघतात. (त्याचं लक्ष पायाखालच्या फळीवर असतं. फळी हलते.) परांचीवरून चोर येतात, खिडक्या बंद ठेवा. ग्रीलवर पाय देतात, ग्रील वाकलं तर पैसे कोण देणार? एसीच्या बाहेरच्या मशीनला धक्का लावू नका. पिण्याचं पाणी मागायला दारात येतात, वॉचमनला सांगा. तक्रार करणाऱ्या त्याच ताईंची चादर दुपारी त्याच बांबूवर वाळत असते. चादर पडू नये म्हणून चिमटा लावलेला असतो.

चादरीला. माणसाचं बघू.

काम संपताना मुकादम हिशेबाला येतो. आपण विचारतो, इतके दिवस का लागले? तो म्हणतो, जुना माणूस असता तर लवकर झालं असतं. मग जुना माणूस का नाही आणला? तो हसतो. तुमच्या दरात जुना माणूस येत नाही.

आता नाहूरला पक्षी उद्यान करायचं महापालिकेच्या मनात आहे. देशोदेशीचे पक्षी, त्यांना उडता येईल असे मोठे उंच पिंजरे. पिंजरा उंच म्हणजे परांची आलीच. निविदेत सर्वात कमी दर जिंकेल. पक्ष्यांच्या सुरक्षेसाठी काय काय करणार याचं सादरीकरणही होईल. ते पाहायला हवं. त्यात परांचीची ओळ शोधायला भिंग घेऊन जा.